तेलमावशीची कढई

ये, अशी जवळ सरक. उंबऱ्यावर बसून कथा ऐकू नये, अर्धी वाऱ्यावर जाते. गाऊन कथा सांगणारे बुवा आधी देवाला हाक मारतात, मग गोष्टीला हात घालतात. माझा गळा देवानं भाजी निवडताना गुणगुणण्यापुरताच दिला आहे, तेव्हा हाक मनातच मारते आणि सांगते. गोष्ट राजाची नाही, साधूची नाही. माझ्या समोरच्या दारातल्या बाईची आहे. अख्ख्या इमारतीच्या डोक्यावर तिचं तेल होतं, आणि पोटच्या पोराच्या डोक्यापुढे तेच तेल हरलं. ती स्वतः मात्र हरली नाही. ती कशी, ते ऐक.

"अगं, धर त्याला! भिंतीकडे निघालाय तो!"

भर दुपारी समोरून हाक आली आणि मी हातातलं टाकून धावले. तेलमावशीचा मुलगा खोलीच्या मधोमध उभा होता. वेल्डर तो, लोखंडी गेटचं एक अख्खं पान एकट्यानं खांद्यावर टाकून जिना चढणारा गडी. पण त्या घटकेला डाव्या डोळ्यावर तळहात दाबून तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. बसे, डोलू लागे, पुन्हा उठे. डावा डोळा निखाऱ्यासारखा लाल, त्यातून धार लागलेली, त्याच बाजूची नाकपुडी वाहणारी. उजवी बाजू ठणठणीत. अर्धा चेहरा रडत होता आणि अर्धा कोरडा होता.

मागून मावशी कोमट तेलाची वाटी घेऊन, दावं सोडून पळालेल्या वासरामागे जावं तशी फिरत होती.

"बस रे राजा. एक बोट लावू दे."

"नको आई, हात नको लावू!"

"एकच."

शेवटी तो गुडघ्यांवर बसला आणि तिनं कपाळावर तेल जिरवलं. तेल आणि डोळ्याचं पाणी एक होऊन त्याच्या हनुवटीवरून टपकू लागलं. त्याची बायको, म्हणजे मावशीची सून, दारापाशी मुठी आवळून उभी होती. तासाभरानं ते दुखणं आलं तसं निघून गेलं. तो भिंतीला टेकला, घाम पुसला आणि ओशाळून मला म्हणाला, "वहिनी, गॅसवर काही ठेवून आला होतात का?"

"होते. आता कोळसा झाला असेल."

"म्हणजे आमच्या पाहुण्यानं आज तुमचंही जेवण खाल्लं."

त्या घरात दुखण्याला पाहुणाच म्हणत. वर्षातून एकदा त्याचा हंगाम येई. आला की काही आठवडे मुक्काम ठोकून बसे आणि रोज जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला दार ठोठावी. मग एक दिवस न सांगता गायब होई, तो पुढच्या वर्षापर्यंत. खालच्या मजल्यावर लोक म्हणत, दारू असेल. वर्कशॉपचा मालक म्हणे, डोकं दुखतं म्हणून काम सोडून घरी जातं का कोणी?

तो एकदा घरी चौकशीला आला, तेव्हा मावशीनं त्या मालकाला जिन्यातच गाठलं होतं. "तुमच्या घरी मांजर येतं, आमच्या घरी वाघ येतो. दोघांनाही मिशा असतात, म्हणून ते एकच झाले का हो?"

आता तिच्या तेलाबद्दल सांगते. दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीत शेगडी, शेगडीवर काळीभोर कढई आणि कढईत तेल. त्या वासानंच आमचा जिना ओळखू येई. शिक्षक, शिंपी, परीक्षेची पोरं, बाळंतिणी, सगळ्यांची डोकी तिच्या बाटलीनं शांत व्हायची. कृती मात्र कुणाला सांगेल तर शपथ. सुनेलाही नाही.

"मी गेल्यावर कळेल तुला," ती सुनेला म्हणे.

"तुम्ही गेल्यावर सांगणार कोण?"

"मीच. स्वप्नात येऊन."

"तिथं तरी माप नीट सांगा, सासूबाई. नाहीतर अर्ध्यातच जाग यायची मला."

अशा त्या दोघी. भांडायच्या आणि एकाच ताटात जेवायच्या.

त्या वर्षी पाहुणा फारच माजला. मग सुनेनं नवऱ्याला उचललं आणि मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मावशीही निघाली, पदराखाली तेलाची बाटली घेऊन. न जाणो, रस्त्यात आला तर.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकाच बाजूला? डोळा लाल होतो? आडवं पडवत नाही, बसवत नाही? मग म्हणाल्या, "याला क्लस्टर हेडेक म्हणतात. झुंडीनं येतं आणि झुंडीनं जातं. फार वाईट दुखणं आहे. इतकी वर्षं सोसलंत कसं?"

मावशी पुढे सरकली. "म्हणजे याला नाव आहे?"

"आहे ना."

"नाव आहे म्हणजे ढोंग नाही."

"ढोंग कसलं! ढोंग करणारा माणूस भिंतीवर डोकं आपटून घेत नाही, आजी."

घरी येताना मावशी ते नाव घोकतच आली आणि जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर थांबून तिनं ते मोठ्यानं सांगितलं. उच्चार दर मजल्यावर वेगळा होता, पण दारू म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

डॉक्टरीणबाईंनी हंगामापुरत्या गोळ्या दिल्या. आणि वर सांगितलं, दुखणं सुरू होताच ताठ बसायचं, तोंडावर मास्क घट्ट धरायचा आणि पंधरा मिनिटं ऑक्सिजन ओढायचा. त्यासाठी टाकी घरीच ठेवायची.

वेल्डर आधी हसला. "ऑक्सिजन? बाई, त्याच्यावर तर पोट चालतं माझं! जन्मभर त्याच टाकीच्या खांद्याला खांदा लावून लोखंड कापतोय मी. आणि औषध तिच्यातच होतं?"

"ती टाकी नाही हं," बाई ठासून म्हणाल्या. "तिला तोंड लावायचं नाही. माणसासाठी वेगळी भरलेली येते, तीच आणायची."

मग एकाएकी त्याचा चेहरा पडला. "घरी नको, बाई. दुसरं काहीतरी लिहून द्या."

"का?"

"जागा नाही."

मावशी उसळली. "मी जिन्यात झोपेन. टाकी घरीच आणायची."

टाकी आली. पण पोरानं ती घरात घेऊ दिली नाही. बाहेर, आमच्या दोघांच्या दारांमधल्या मोकळ्या जागेत, कठड्याला साखळीनं बांधून उभी केली आणि शेजारी एक स्टूल ठेवलं. "आत अडगळ होते," म्हणाला. मावशीला ते खटकलं, पण तेव्हा ती बोलली नाही.

टाकी पुरवणाऱ्या माणसानं, त्याला आम्ही टाकीवालाच म्हणत असू, सगळ्यांना देतो तेच सामान दिलं होतं. म्हाताऱ्या, धाप लागणाऱ्या माणसांच्या नाकात अडकवतात ती बारीक नळी, आणि थोडीथोडी हवा सोडणारा छोटा कॉक. त्याच्या हिशेबी ऑक्सिजन म्हणजे एवढंच. दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. पोरगा स्टुलावर बसला, नळी नाकात, डोळा मुठीत. कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी त्यानं नळी ओरबाडून काढली आणि कठड्याच्या गजावर डोकं टेकलं.

खालून इमारतीचे सेक्रेटरी ओरडले, "हवेनं डोकं उतरत असतं तर पंख्याखाली बसवा की! जिना कशाला अडवताय?"

"ऐकलंस?" पोरगा आईला म्हणाला. "झालं समाधान? आता परत पाठव ती."

"डॉक्टरीण खोटं बोलेल असं तिचं तोंड नव्हतं," मावशी म्हणाली. तिनं ती नळी आणि तो कॉक पिशवीत भरला आणि सकाळी एकटी जाऊन बाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मी पिशवीचा मास्क सांगितला होता! आणि हवा पूर्ण जोरानं. ही तर घोटभर झाली."

"म्हणजे घराला आग लागलेली आणि आम्ही चमच्यानं पाणी टाकत होतो?"

"अगदी तसंच, आजी."

बाईंनी तिथूनच टाकीवाल्याला फोन लावला. आवाज चढवला म्हणतात. आमच्या मावशीला ती बाई तेव्हापासून सख्ख्या मुलीसारखी.

आता नीट ऐक. मुख्य कथा इथून आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीवाला नवं सामान घेऊन आला. जाड कॉक, तोंडावर बसणारा मास्क आणि त्याच्याखाली लोंबणारी पिशवी. पोरगाही सुट्टीत घरी आला होता. तेवढ्यात सेक्रेटरी वर आले, मागे चार बिऱ्हाडांची माणसं. सेक्रेटरी तसे वाईट नव्हते. पण हातात सिगारेट होती.

"मावशी, आज स्पष्टच बोलतो. हा बॉम्ब आहे. पेटला तर सगळी इमारत जाईल. टाकी इथून हलवा."

मावशी आतून आली, कोपरापर्यंत हात तेलाचे. मागच्या खोलीत कढई चढलेली होती. तिनं सेक्रेटरींच्या बोटांतली सिगारेट काढून घेतली आणि दारातल्या भरत्या बादलीत बुडवली. चुर्र झालं.

"आधी ही विझली. आता आगीचं बोल."

लोक हसले. सेक्रेटरी लाल झाले. "हसू नका! जिना सगळ्यांचा आहे. ठेवायचीच असेल तर स्वतःच्या घरात ठेवा."

"बरोबर बोललास. माझंही तेच म्हणणं होतं. घे रे, आत घे टाकी."

पोरगा हलला नाही. "आत नाही, आई."

"का?"

त्यानं टाकीची साखळी घट्ट धरली. टाकीवाल्यानं मात्र हवेत नाक फिरवलं, दाराच्या आत डोकावला आणि दोन पावलं मागे आला. "मावशी, आत तेल उकळताय?"

"मग? तोच धंदा आहे माझा."

"अहो, मग आत कशी ठेवणार? याच्याजवळ तेल नको, मलम नको, विस्तव तर नकोच. तेलकट हात कॉकला लागला तरी भडका उडू शकतो. ही आमच्याकडची पहिली शिकवण. वेल्डरला नाही का हे ठाऊक?"

मावशीनं हळूच मान वळवून मुलाकडे बघितलं. मीही बघितलं. आणि एकदम लक्षात आलं, रोज सकाळी तो कामाला निघताना ती डोक्याला तेल लावायला धावायची आणि तो हसत हसत डोकं चुकवायचा ते का.

"तुला माहीत होतं?"

"रोजचं काम आहे माझं, आई."

"म्हणून दवाखान्यात नको म्हणालास? म्हणून ही बाहेर?"

"तुझी कढई आहे ती. माझं काय, हंगाम आहे, येतो, जा..."

वाक्य तिथंच तुटलं. त्याचा हात डोळ्यावर गेला. "आला," तो म्हणाला.

पुढचं सगळं एका दमात झालं. सून आत धावली, तिनं शेगडी बंद केली आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. टाकीवाल्यानं कॉक बसवला. मावशी, सवयीनं गं, जन्माच्या सवयीनं, दोन्ही हात पुढे करून मुलाच्या डोक्याकडे गेली.

"मावशी, हात!" टाकीवाला किंचाळला.

ती जागच्या जागी थिजली. दोन्ही हात हवेत, बोटांवर तेल चकाकतंय, आणि वीतभर अंतरावर पोराचं डोकं. मी कित्येक कथा ऐकल्या आहेत, गाऊन सांगणाऱ्यांनी मला घळाघळा रडवलं आहे. पण ते वीतभर अंतर कुणालाच गाता आलेलं नाही.

मग ती वळली, बादलीवरच्या नळापाशी गेली आणि साबणानं हात घासू लागली.

पोरगा स्टुलावर ताठ बसला. मास्क घट्ट. पिशवी फुगे, आक्रसे, पुन्हा फुगे. एरवी हा खेळ तासभर चाले. पण त्या दिवशी बादली भरून वाहू लागली, पाणी पायऱ्या उतरून खाली गेलं, मावशीनं तिसऱ्यांदा साबण घेतला, आणि एवढ्यात पोराचे खांदे खाली आले. त्यानं मास्क किंचित उचलला.

"उतरतंय."

पुन्हा लावला. थोड्या वेळानं काढून मांडीवर ठेवला. डोळा अजून लाल होता, पण उघडा होता. इतक्या माणसांकडे बघून तो गोंधळला. "गेला," म्हणाला. "आई, गेला गं."

मावशी रडली नाही. ओले हात तसेच धरून उभी राहिली आणि म्हणाली, "टाकी आत घ्या."

सेक्रेटरींचा आवाज आता खाली आला होता. "मावशी, बघितलं मी. पण शेगडी आणि टाकी एकाच घरात... आमचीही पोरं आहेत हो."

"खरं आहे तुझं. दोन्ही नाही राहायची. एक जाईल."

"मग टाकी आपण जिन्याखाली..."

"कढई जाईल."

सेक्रेटरींचा हात नकळत स्वतःच्या टकलावर गेला. "आणि... आमचं तेल?"

"तुमच्या डोक्यांना गोळी आहे, झोप आहे, नाहीतर बायकोची बोलणी आहेत. माझ्या पोराच्या डोक्याला ही एवढीच आहे. कोण हलवतं बघू ती इथून!"

"पण आई, तुझी..." पोरगा उठू लागला.

"तू बस! माझ्या कढईवर दया करून दुखणं काढत होतास होय रे? लाज नाही वाटली? मी काय कढईला जन्म दिला होता?"

आणि मग, ऐक, ती कठड्याशी गेली, खाली वाकली आणि खड्या आवाजात बोलली, म्हणजे तळमजल्यापर्यंत जाईल असं. "तिळाचं तेल घ्यायचं! माक्याचा पाला वाटून नाही, नुसता चुरगळून टाकायचा! जटामांसीच्या मुळ्या रात्री भिजवायच्या! विस्तव मंद! आणि कापूर कढई खाली उतरवल्यावर, आधी नाही! ज्याला हवं त्यानं आपापल्या घरी करा!"

सून दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. "सासूबाई, मला स्वप्नात सांगणार होतात ना?"

"तुझी झोप मोडायला नको म्हटलं."

पुढची व्यवस्था सुनेनं केली. घरात तेलाचा थेंब ठेवला नाही. भिंती, फरशी, दारं, सगळं साबणानं धुतलं. स्वयंपाक खालच्या मजल्यावर बहिणीसारख्या शेजारणीकडे होऊ लागला, तेवढ्या हंगामापुरता. टाकी दाराजवळच्या मोकळ्या भिंतीला बांधली. वर्कशॉपच्या मालकाला वेल्डरनं तोंडावर सांगितलं, हंगामात दुपारी मी घरी जाणार, चालत असेल तर ठेवा. ठेवलं त्यानं. इतका सरळ सांधा जोडणारा दुसरा मिळत नव्हता त्याला.

पाहुणा लगेच हटला नाही. येतच राहिला. पण आता त्याला दारात गाठणारं कुणी होतं. मावशी दुपार झाली की दार उघडं टाकून बसे. "ये म्हणावं! बसलोय आम्ही!"

एक मात्र झालं. तिनं पोराच्या डोक्याला पुन्हा हात लावला नाही. टाकीवाल्यानं कितीदा सांगितलं, मावशी, स्वच्छ धुतलेला हात चालतो. पण ती म्हणे, "जन्मभराचं मुरलंय यात. साबणानं वरचं जातं, आतलं कुठे जातं?" तो मास्क लावून बसला की ती त्याच्यासमोर जमिनीवर बसे आणि त्याचा पाय धरी.

"आई, पाय नको गं धरू."

"गप ओढ तू. मीच धुतलेत ते, तुझ्या आधीपासून ओळखते."

साबणानं तिचे हात खडखडीत झाले. ज्या बोटांवर कायम तकाकी असायची, त्यांना भेगा पडल्या.

कढई माझ्याकडे आली. मी कृतीबरहुकूम तेल केलं, इमारतीत आणखी तिघींनी केलं. वास तोच यायचा, पण... मावशी येऊन बाटली नाकाशी धरी आणि म्हणे, "घाई केलीस." कितीही सावकाश केलं तरी तेच. शेवटी मी विचारायचं सोडलं.

काही हंगाम असे गेले. मग ती गेली. झोपेतच, कुणाला काही न मागता. पाहुण्याचा हंगाम तेव्हा नव्हता. टाकी परत गेलेली, भिंतीवर नुसती साखळी लोंबत होती.

सकाळी वेल्डर माझ्या दारात आला. डोळे लाल, पण दोन्ही. "वहिनी, तुमच्या कढईतलं तेल आहे का थोडं?"

मी वाटी भरून दिली. तो आईजवळ जमिनीवर बसला. तिचा हात त्यानं मांडीवर घेतला आणि त्या भेगांत तेल जिरवू लागला. एकेक बोट, मग तळवा, मग मनगट. मग दुसरा हात. फार वेळ. कुणी त्याला ऊठ म्हणालं नाही. तिच्या बोटांवर पुन्हा ती जुनी तकाकी आली, तेव्हा तो उठला, नळाशी गेला आणि कोपरापर्यंत हात साबणानं धुऊ लागला.

पाहुणा अजून येतो. दर वर्षी. स्टूल मांडलेलं असतं, आणि आता सून दार उघडं टाकून बसते.

तर एवढं कर. कधी तुझं डोकं दुखलं आणि कुणी तेलाची वाटी घेऊन आलं, तर नाही म्हणू नकोस. आणि ते बोट कपाळाला टेकेल ना, तेव्हा डोळे मिटून क्षणभर आमच्या तेलमावशीची आठवण काढ.